क्षेत्राचे दर्शन

'क्षेत्र' हा शब्द कानी पडला की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम पंढरपूर उभे राहते. मग आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर, पैठण. परंतु गीतामाउलीने तेराव्या अध्यायाच्या आरंभी आणखी एका क्षेत्राचे नाव घेतले आहे. ते क्षेत्र म्हणजे हा देह. त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. आणि त्याच ठिकाणी भगवंतांनी निर्णय देऊन टाकला आहे की, क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ या दोहोंना जाणणे याचेच नाव ज्ञान. दोहोंना, बरं का! एकालाच नव्हे. शके १२१२ मध्ये ज्ञानोबारायांनी या अध्यायावर निरूपण केले, तेव्हा क्षेत्राचा विचारही त्यांनी सविस्तर केला, चार शब्दांत उरकला नाही.

व्यवहारात मात्र काय दिसते? देहाचा विषय निघाला की 'नाशिवंत आहे, मातीचा आहे, सोडा त्याचे' असे म्हणायचे आणि थेट आत्म्यावर उडी घ्यायची, हा परिपाठ पडून गेला आहे. हाडामांसाचा गोळा म्हटले की झाले क्षेत्राचे ज्ञान! अहो, पंढरपूर न पाहता पंढरीची वर्णने करणाऱ्याला आपण वारकरी म्हणू काय? विठोबा विटेवर उभा आहे हे तर घरबसल्या सर्वांना ठाऊक आहे. तरी आळंदीपासून पंढरीपर्यंत पावले झिजवीत आपण जातो, ते कशासाठी? डोळ्यांनी पाहण्यासाठी. ऐकले ते खरेच. पण पाहिल्यावाचून जिवाला चैन नाही. हीच वृत्ती देहक्षेत्राकडे वळवून ज्यांनी ते क्षेत्र पाहिले, त्यांची कथा आज सांगावयाची आहे. ही मंडळी परमुलखातील, परधर्मातील. परंतु त्यांची चाल वारकऱ्याला ओळखीची वाटेल.

प्रथम, न पाहिल्याने काय होते ते बघा. युरोपात दुसऱ्या शतकात गेलेन नावाचा थोर वैद्य होऊन गेला. माणसाचे प्रेत फाडण्याची त्याच्या काळी सोय नव्हती, म्हणून त्याने माकडे, डुकरे असे प्राणी चिरले आणि त्यावरून मनुष्यदेहाचे वर्णन लिहिले. त्याने आपल्या परीने पाहिले, त्याला दोष नाही. पण पुढे सुमारे तेराशे वर्षे त्याची पोथी हेच प्रमाण होऊन बसले. विद्यालयात पंडित उच्चासनावर बसून गेलेनची पोथी वाचायचा आणि खाली दुसराच कोणी प्रेत चिरायचा. पोथीत जबड्याचे खालचे हाड दोन तुकड्यांचे, समोरच्या प्रेतात ते एकच. तरी पोथी खरी! पुढे आंद्रेआस व्हेसालियस या तरुण अध्यापकाने इटलीतील पादुआ येथे सुरी स्वतःच्या हातात घेतली, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि १५४३ साली आपला सचित्र शारीरग्रंथ छापून गेलेनच्या पुष्कळ चुका उघड केल्या. तेव्हा त्याचे गुरू सिल्व्हियस काय म्हणाले असतील? गेलेनचे चुकलेले नाही, त्यांच्या काळापासून माणसाचा देहच बदलला असला पाहिजे! पोथीचा अभिमान माणसाला कुठवर नेतो ते पाहा. देह खोटा ठरवतील, पण अक्षर खोटे ठरवणार नाहीत.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन्ही प्रमाणे मानली आहेत. या दोहोंची गाठ कशी पडते याचे एक सुंदर उदाहरण देतो. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये सिद्ध केले की, रक्त हृदयातून निघून धमन्यांतून सर्वांगी जाते आणि शिरांतून परत हृदयात येते. पण धमनीतून ते शिरेत उतरते कोठून? ती वाट त्याला दिसली नाही. वाट असलीच पाहिजे, एवढे अनुमान करून तो थांबला आणि १६५७ मध्ये देवाघरी गेला. पुढे चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो मालपिगी या इटालियन वैद्याने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्याला केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले. हार्वेने जी वाट बुद्धीने सांगितली, ती मालपिगीने डोळ्याने दाखविली.

आता आपल्या मुख्य कथेकडे येऊ. लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हूक नावाचा प्रयोगकुशल पुरुष होता. १६६५ साली त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंचा एक ग्रंथ चित्रांसह प्रसिद्ध केला. त्यात बाटलीच्या बुचाची हकिकत आहे. बूच म्हणजे एका झाडाची साल. धारदार चाकूने त्याने तिचा अगदी पातळ पापुद्रा काढला आणि भिंगाखाली धरला, तो काय! मधाच्या पोळ्यासारखी घरेच घरे. त्या घरांना त्याने इंग्रजीत 'सेल' हा शब्द योजला. या शब्दाचा अर्थ लहानशी खोली. मठात साधूला राहावयास जी खोली देतात तिलाही तोच शब्द आहे. आज आपण मराठीत त्यालाच पेशी म्हणतो. हूक नुसता पाहून थांबला नाही, त्याने हिशेब केला. एका इंचाच्या लांबीत अशी १०८० घरे. म्हणजे एक इंच लांब, एक इंच रुंद आणि एक इंच उंच अशा बुचाच्या तुकड्यात १२५ कोटी ९७ लाख १२ हजार खोल्या! आषाढीला पंढरीच्या मठांतून आणि धर्मशाळांतून जागा मिळत नाही. इथे बोटाच्या पेराएवढ्या बुचात एवढी वस्ती!

परंतु त्या खोल्या रिकाम्या होत्या. साल वाळलेली, आतला जीव निघून गेलेला. मागे नुसत्या भिंती राहिलेल्या. हूकने मठ पाहिला, मठात राहणारा पाहिला नाही. तो पाहण्याचे भाग्य कोणाचे? एका कापडवाल्याचे.

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे गाव आहे. तिथे १६३२ साली आंतोनी व्हान लेवेनहूक जन्मला. धंदा कापडाचा. कापडाचे सूत तपासायला त्या धंद्यात भिंग वापरीत. हा गृहस्थ स्वतःच्या हाताने इवलीशी भिंगे घासू लागला, आणि ती अशी उतरली की त्यांतील एक, आजही जतन केलेले, वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. याला लॅटिनचा गंध नाही. आपल्या डच बोलीत, बाजारात बोलावे तशा भाषेत, तो रॉयल सोसायटीला पत्रे लिहू लागला. १६७३ पासून १७२३ साली नव्वदाव्या वर्षी देह ठेवीपर्यंत, पन्नास वर्षे, त्याचा हा पत्ररूपी नेम चालला. श्रोतेहो, तुम्हाला कोणाची आठवण होते? शिंप्याच्या घरी नामदेवराय, वाण्याच्या दुकानात तुकोबाराय, कुंभाराच्या चाकावर गोरोबाकाका, मळ्यात सावतोबा! गीर्वाणवाणीचे दार ज्यांना बंद, त्यांनी बोलीतून सांगितले आणि ते जगाने ऐकले. आमचे स्वतःचे सारे शिक्षण संस्कृत पाठशाळेत झाले, तरी आम्ही हे आनंदाने सांगतो, की सत्य सोवळे नेसूनच येते असे नाही. ते कापडाच्या गठ्ठ्यामागूनही येते.

या लेवेनहूकाने १६७४ मध्ये गावाजवळच्या तळ्याचे पाणी भिंगाखाली पाहिले, तो त्यात इवले इवले जीव पोहताना दिसले. पुढे १६७६ च्या पत्रात त्याने याहूनही सूक्ष्म जीवांचे वर्णन केले. लंडनचे विद्वान साशंक झाले. त्याने रागावून पत्रे लिहिणे बंद केले नाही; गावातील प्रतिष्ठितांना, धर्मोपदेशकांना बोलावून भिंगातून दाखविले आणि त्यांच्या साक्षी लिहून पाठविल्या. अखेर १६७७ मध्ये त्याच रॉबर्ट हूकने स्वतः प्रयोग करून पाहिला, आणि त्यालाही ते जीव दिसले. ज्याने रिकाम्या खोल्या पाहिल्या होत्या, त्यानेच खोलीत नांदणाऱ्याची साक्ष दिली! १६८० मध्ये सोसायटीने त्या कापडवाल्याला सभासद करून घेतले. मग १६८३ मध्ये त्याने दातांवरचा मळ तपासला आणि त्यातही जिवांची गर्दी पाहिली. म्हणजे ज्या मुखाने आपण नाम घेतो, तेही एक गजबजलेले गाव आहे.

इथून पुढे दीडशे वर्षे गेली. कारण भिंगांत एक दोष होता, वस्तूभोवती रंगांची कडा दिसे आणि आकृती धूसर होई. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर याने तो दोष फार मोठ्या प्रमाणावर घालविण्याची रीत दाखविली. हाही धंद्याने व्यापारीच. मग दृष्टी स्वच्छ झाली. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउन याने वनस्पतीच्या पेशीत केंद्रक असते असे सांगितले. १८३८ मध्ये श्लायडेन या जर्मन पंडिताने ठरविले की वनस्पती सर्वस्वी पेशींच्याच बनल्या आहेत. आणि १८३९ मध्ये त्याचा मित्र श्वान याने प्राण्यांचे देहही तसेच, हे दाखविले. नाव ऐकून हसू नका! श्वानामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय आपलेच आहेत. श्वानाने केवढे सांगितले पाहा: तुळस, गाय, बेडूक आणि माणूस, यांच्या देहाची बांधणी एकाच जातीच्या विटांची आहे. तुळशीला माळेत ओवणारा आणि ती माळ गळ्यात घालणारा, दोघांचे घर एकाच कारागिराचे.

पण या दोघा मित्रांचे एक चुकले. नवी पेशी कोठून येते? त्यांना वाटले, पाकातून साखरेचे खडे धरावेत तशी ती द्रवातून आपोआप जमते. रॉबर्ट रेमाक या संशोधकाने कोंबडीच्या अंड्यातील गर्भ आणि त्यातील रक्त वर्षानुवर्षे तपासून पाहिले, आणि १८५२ पर्यंत त्याने निश्चित सांगितले की, पेशी आपोआप जमत नाही; एका पेशीचे दोन भाग होऊन नवी पेशी होते. पुढे १८५५ मध्ये रुडॉल्फ विर्खो याने हाच सिद्धांत सूत्ररूपाने मांडला आणि १८५८ च्या ग्रंथात देहाचे रोगही पेशींतूनच उद्भवतात असे शिकविले. कीर्ती झाली ती विर्खोची. रेमाक मागे राहिला. तो यहुदी होता. धर्म बदलला असता तर बर्लिनच्या विद्यापीठात त्याला पूर्ण प्राध्यापकाचे आसन मिळण्यात अडचण नव्हती. त्याने तो बदलला नाही, आणि ते आसन त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही.

संतहो, येथे आमचे मन थोडे थांबते. ज्याने प्रथम नीट पाहिले, त्यालाच आत जागा नाही! हे आपल्याला नवीन आहे काय? चोखोबांची समाधी कोठे आहे ते प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे, महाद्वारासमोर, बाहेर. ज्यांच्या हृदयात विठ्ठल नांदत होता, त्यांना राउळात पाऊल ठेवता आले नाही. ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. रेमाकाने जो सिद्धांत पाहिला तो मात्र असा आहे की, भेदाच्या मुळावरच घाव पडावा. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासून. आपण प्रत्येक जण आईच्या उदरात एका पेशीने सुरू झालो. ती मातापित्यांच्या पेशींपासून, त्या त्यांच्या मातापित्यांपासून. मागे जा, जा, कोठेही धागा तुटत नाही. पृथ्वीवर जीव आहे त्याला साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक काळ झाला असे आज मानतात. तेवढा लांब हा धागा. मग कोणाचे गोत्र वेगळे आणि कोणाची सावली विटाळाची? सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब ठेवला, तर त्यावर जात लिहिलेली कोणालाही दिसलेली नाही.

आता कोणी शंका घेईल, 'बुवा, हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच की! परक्यांची थोरवी कशाला?' या शंकेचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की, परमाणूंपर्यंत भेद करीत गेल्यास देहाचे अवयव असंख्य आहेत. ते फार पुष्कळ, फार सूक्ष्म आणि इंद्रियांना न कळणारे आहेत. केवढी ही प्रज्ञा! पण नीट वाचा. 'इंद्रियांना न कळणारे' असे आचार्यांनी स्वतःच सांगून आपली सीमा आखून दिली. त्यांनी पेशी पाहिली असे म्हणणे म्हणजे त्यांनी न केलेला दावा त्यांच्या माथी मारणे. त्याने त्यांचा गौरव होत नाही, त्यांचा सत्यनिष्ठपणा झाकला जातो. आणि सुश्रुताचार्यांनी तर आज्ञाच केली आहे की प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे. मग कुंचल्याने हळूहळू खरवडीत त्वचेपासून आतले सारे डोळ्यांनी पाहावे. शास्त्र आणि प्रत्यक्ष या दोहोंनी ज्ञान वाढते. म्हणजे पाहण्याची आज्ञा आपल्या ग्रंथात होती. आज्ञा राहिली पोथीत आणि शवस्पर्शाच्या विटाळाने पाहणे बंद पडले. पुढे १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी समाजाचा रोष ओढवेल हे जाणून शवविच्छेदन केले. हे गुप्त कोण? संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकविणारे पंडित! सुश्रुत वाचणाऱ्याने शेवटी सुश्रुताची आज्ञा पाळली. ग्रंथाचा अभिमान असावा तो असा.

दुसरी शंका अशी: 'हे कळून वारकऱ्याला काय लाभ? याने का विठ्ठल भेटतो?' सांगतो. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ पुनःपुन्हा येई. चालत आलेली माणसे परत गेली नाहीत, अशी कितीतरी घरे. लोक म्हणत, देवीचा कोप. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यातील रुग्णांत आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखविला. लेवेनहूकाने तळ्याच्या थेंबात जी सृष्टी पाहिली होती, तिच्यातच हा एक वैरी लपलेला होता. तेव्हा वाटेत पाणी गाळून, उकळून किंवा औषध टाकलेले प्यावे, चंद्रभागेच्या वाळवंटात घाण करू नये, हे सांगणे परमार्थाबाहेरचे नाही. आपण टाकलेल्या घाणीने मागच्या दिंडीतील म्हातारी आजारी पडली, तर तिच्या पाया पडून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेखणी ठेववत नाही. साखरेचा विकार असलेले माळकरी वारीत असतात. पायाला जखम होते. पायाची संवेदना गेलेली, म्हणून दुखत नाही. सांगावे तर म्हणतात, 'देह विठ्ठलाचा आहे, तो बघेल.' अहो, विठ्ठलाचा आहे म्हणूनच तो तुम्ही बघायचा! देवळाचा गाभारा देवाचा म्हणून पुजारी झाडायचे सोडतो काय? आजच्या गणतीप्रमाणे प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यांतल्या रोज सुमारे ३३ हजार कोटी जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. रक्ताची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस सेवा करते आणि आपली जागा दुसरीला देऊन निघून जाते. नाव नाही, मान नाही, तक्रार नाही. आपण झोपलेले असताना ही दिंडी चाललेली असते. आणि हीच शिस्त मोडून एखादी पेशी इतरांचा विचार न करता आपलीच संख्या वाढवू लागली, की त्यालाच कर्करोग म्हणतात. अहंकाराचे याहून स्पष्ट चित्र आम्हाला दुसरे सापडत नाही.

देह नाशिवंत आहे, हे संतवचन पूर्ण सत्य आहे. पण त्याचा अर्थ देह तुच्छ आहे असा नाही. दिंडीतील राहुटी रोज उभारतात आणि रोज मोडतात; म्हणून काय ती फाटकी ठेवतात? मुक्कामापुरती का होईना, ती नीट ताणून, खुंट्या ठोकून उभी करतात, कारण आत माणसे निजायची असतात. क्षेत्रज्ञाचा शोध घ्यावयाचा तो या राहुटीत बसूनच. भिंगाने क्षेत्रज्ञ दिसत नाही, आणि भिंग तसे म्हणतही नाही. पण क्षेत्र किती अद्भुत आहे हे ते दाखविते, आणि अद्भुत पाहून ज्याचा माथा लवत नाही, त्याचा माथा गाभाऱ्यात तरी कसा लवणार?

तेव्हा येत्या वारीला निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्या, पाय डोळ्यांनी नीट न्याहाळा, जखम असेल तर दाखवा, औषध पिशवीत घ्या. तो तपासणारा तुमच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली धरील, तेव्हा त्या डेल्फ्टच्या कापडवाल्याची आणि दाराबाहेर राहिलेल्या रेमाकाची आठवण ठेवा. एका क्षेत्राला जपून दुसऱ्या क्षेत्राला या. पांडुरंग वाट पाहतो आहे.

रामकृष्णहरि.